हाती आणि हातावेगळं

आमच्याकडे काम सुरू व्हायला कधी अडचण येत नाही. नारळ मिळतो, तो फोडायला पाहुणा मिळतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही येतो. फरपट असते ती त्यानंतरची. आमच्या भागात चार गावं फिरा. स्लॅबविना थांबलेलं सभागृह, मोटार बसली पण मीटर आलं नाही अशी पंपाची खोली, पाया भरून सोडलेली वर्गखोली, असं काहीतरी भेटतंच. बाहेरचा माणूस याला आळस म्हणतो. मला ते पटत नाही. ही कामं ज्यांच्याकडे असतात ती माणसं दिवसभर धावत असतात. एकेकाने इतकी कामं अंगावर घेतलेली असतात, की एकालाही पुरता हात लागत नाही.

मी पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट सांभाळले. तिथेही चित्र वेगळं नव्हतं. फक्त अर्धवट पडलेलं काम कोणाच्या डोळ्यांना खुपत नसे, कारण ते संगणकाच्या पोटात असे. अर्धी बांधलेली खोली निदान दिसते. तिच्यात शेळ्या तरी बसतात.

आता मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या अंगाला असलेल्या आमच्या गावी राहते आणि इथल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं तूरडाळीचं काम पाहते. कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमची कंपनी म्हणजे पत्र्याचं गोदाम, एक मिनी दाल मिल, समोरचं सिमेंटचं पटांगण आणि मोजकी माणसं: हिशेब लिहिणारी बी.कॉम. झालेली सून, गोदाम सांभाळणारा पोरगा, मशीनवरचा मिस्त्री, बचत गटातल्या बाया, अध्यक्ष, दोन संचालक आणि मी. सभासदांची तूर घ्यायची, डाळ करायची, पिशवीत भरून विकायची. ऐकायला सोपं. फोड करायला बसलं की अन्न परवाना, वजनकाटा, लेबल, सभासदांची यादी, बँकेचं खातं, ओलावा मोजायचं यंत्र, पिशव्यांचे नमुने, दुकानदारांशी बोलणी अशी भिंतभर यादी होते. आणि यातलं काहीही विचारा, ते कोणाच्या तरी ‘हाती’ असतंच.

या कामाला मी जी पद्धत लावली ती दोन ठिकाणांहून उचललेली आहे.

पहिलं ठिकाण अमेरिकेतलं. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाच्या डोंगरातल्या ठिकाणी १७ सॉफ्टवेअरवाले जमले. आधी जाडजूड आराखडा लिहायचा, मग तो बरहुकूम बांधत बसायचं आणि शेवटी ग्राहकाने ‘आम्हाला हे नको होतं’ म्हणायचं, या प्रकाराला ते कंटाळले होते. त्यांनी अ‍ॅजाइलचा, म्हणजे चपळपणे काम करण्याचा, जाहीरनामा लिहिला. साधनं आणि रीतीभातींपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं मोठं. ढीगभर कागदांपेक्षा चालणारी वस्तू मोठी. करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाला सोबत घेणं मोठं. आणि आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदल पचवणं मोठं. सोबत बारा तत्त्वं आहेत. त्यातलं मला सगळ्यांत आवडतं ते साधेपणाचं: न केलेलं काम जास्तीत जास्त वाढवण्याची कला. हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक संचालक म्हणाले, “मंग माहा पोरगा तं जन्मापासूनच अ‍ॅजाइल हाये.”

अ‍ॅजाइलच्या घरातली सगळ्यांत गाजलेली पद्धत म्हणजे स्क्रम. जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी ती १९९५ मध्ये जाहीरपणे मांडली. काम ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत तोडायचं, टप्पा महिन्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, रोज १५ मिनिटं एकत्र भेटायचं, टप्पा संपला की झालेली वस्तू ग्राहकापुढे ठेवायची आणि काय अडलं यावर आपसात बोलायचं.

दुसरं ठिकाण जपान, आणि इथे आमचा कापूस येतो. साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव. त्यांनी आयुष्यभर हातमाग आणि यंत्रमागावर डोकं चालवलं. १९२४ मध्ये तयार झालेल्या त्यांच्या स्वयंचलित मागाचं वैशिष्ट्य असं, की धागा तुटला की माग आपणहून थांबे. एरवी तुटल्या धाग्यानिशी कापड विणलं जातच राही आणि दोष शेवटी हाती येई. थांबणाऱ्या मागांमुळे एक माणूस अनेक मागांवर लक्ष ठेवू शकला, कारण जो थांबला त्याच्याकडेच जायचं. १९२९ मध्ये त्या पेटंटचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले, साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारींच्या मागे लागला आणि टोयोटा उभी राहिली. (नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, तेव्हा साकिची दहा वर्षांचेही नव्हते. कापूस आमचा, गिरणीही आमच्याकडे आधी. असो.)

१९५० च्या सुमाराला टोयोटा दिवाळ्याच्या उंबरठ्यावर होती. माल साठवून ठेवायला पैसाच नव्हता. तायची ओनो यांनी तिथे जी घडी बसवली तिचा गाभा एवढाच: पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही, आणि मागणीची खूण म्हणून एक कार्ड फिरवायचं. गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट पाहणं, उगाच वाहतूक, उगाच प्रक्रिया, साठा, उगाच हालचाल, सदोष माल, ही त्यांनी मोजलेली सात प्रकारची नासाडी. पुढे १९८८ मध्ये जॉन क्राफचिक यांनी या सगळ्याला लीन, म्हणजे सडपातळ, हे नाव दिलं. मला यात भावतं ते हे, की ही फुकट घालवायला काही नसलेल्यांची पद्धत आहे. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन्हींची सांगड घालणारी मी पहिली नव्हे. मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांनी २००३ मध्ये लीनची तत्त्वं सॉफ्टवेअरला लावून दाखवली. कोरी लाडास यांनी स्क्रम आणि कार्डांची कानबान पद्धत एकत्र करून तिला स्क्रमबान असं कानाला टोचणारं नाव दिलं. माझा आग्रह फक्त कशातून काय घ्यायचं याबद्दल आहे. स्क्रममधून ठोका घ्यावा: अमुक दिवशी काहीतरी दाखवायचंच. लीनमधून मर्यादा घ्यावी: एका वेळी हाती इतकंच. नुसता ठोका असला तर टप्प्याच्या पहिल्याच दिवशी सगळे सगळं सुरू करतात आणि शेवटच्या दिवशी दहा कामं ‘थोडंसंच राह्यलं’ या अवस्थेत असतात. नुसती मर्यादा असली तर काम निवांत वाहत राहतं, आणि ते नेमकं कोणाला दाखवायचं होतं हेच विसरायला होतं.

ठोका आम्हाला आयता मिळाला. आठवडी बाजार. पुण्यात दोन आठवड्यांचा टप्पा पाळायला किती युक्त्या कराव्या लागत, कॅलेंडरची आमंत्रणं काय, आठवणीचे मेल काय. इथे बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. त्या दिवशी आमच्या बाया डाळ घेऊन बसतात, आणि आठवड्यात जे काही पुरं झालं असेल ते त्या पाटीवर दिसतं: नवी पिशवी, नवं वजन, नवी चाळणी लावून काढलेली डाळ. ग्राहक समोर उकिडवा बसून डाळ हातावर घेतो, फुंकर मारतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि तोंडावर सांगतो. पुण्याच्या कंपनीत असताना ग्राहकाचं मत मिळवायला आम्ही फॉर्म भरून घेत असू. इथे एक म्हातारी म्हणाली, “डाळ चांगली हाये वं, पण किलोभर घ्याले पैसे नाहीत, अर्धा किलो दे.” पुढच्या बाजाराचं पहिलं काम तिथेच ठरलं.

तेव्हा लेबलचा वाद चालू होता. छापखान्याचा हिशेब सरळ होता: छापील पिशव्या जितक्या जास्त, तितका एका पिशवीचा भाव कमी. संचालकांना हजारोंची ऑर्डर द्यायची होती. पण पिशवीवर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लागतो आणि तो यायचा होता. वजन किती ठेवायचं ते पक्कं नव्हतं. लीनवाले म्हणतात, परत फिरता येणार नाही असा निर्णय जितका पुढे ढकलता येईल तितका ढकला, तोवर माहिती गोळा होते. आम्ही साध्या पारदर्शक पिशव्या घेतल्या आणि वर चिकटवायचे कागद थोडे-थोडे छापले. कागद महाग पडले, हे खरंच. पण अर्धा किलोची मागणी आली, मग कोणीतरी विचारलं की पॉलिश न केलेली डाळ आहे तर तसं लिहीत का नाही, आणि प्रत्येक वेळी बदलला तो फक्त कागद. छापील पिशव्यांचा ढीग गोदामात असता, तर त्या ढिगाखातर आम्ही किलोच विकत बसलो असतो.

मर्यादेचं काम जास्त अवघड होतं. गोदामाच्या आतल्या भिंतीवर गेरूने चार रांगा आखल्या: करायचं, हाती, अडलं, झालं. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या, मागची बाजू कोरी असते, पुठ्ठा जाड असतो आणि तुळशीच्या लग्नानंतर गावात पत्रिकांना तोटा नाही. प्रत्येक चिठ्ठीवर एक काम, ते घेणाऱ्याचं नाव आणि टांगल्याची तारीख. पहिल्याच आठवड्यात ‘हाती’ची रांग इतकी भरली की पत्रिकांवर पत्रिका चढल्या. नियम सांगून पाहिला: एकाकडे दोनच कामं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि तिसरी चिठ्ठी दुसरीच्या मागे लपवली. शेवटी मिस्त्रीने तोडगा काढला. त्याने सगळे खिळे उपटले आणि ‘हाती’च्या रांगेत प्रत्येकाच्या नावापुढे दोनच ठोकले. दुसऱ्या दिवशी गोदामवाला पोरगा हातात चिठ्ठी घेऊन उभा. “ताई, आता हे कुठी टांगू? खिळाच नाही.” मी म्हटलं, आधीची एक उतरव. “ते तं झाली नाही.” मग ती पूर्ण कर, नाहीतर अडली असेल तर पुढच्या रांगेत लाव आणि कशाने अडली ते सगळ्यांसमोर सांग. पाच मिनिटं तो भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, वजनकाट्याचा शिक्का मारून आणायचं काम तो रोज उद्यावर टाकत होता, कारण तालुक्याला जायला गाडी नव्हती. गाडी अध्यक्षांकडे होती. हे त्याने याआधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

यामागचं गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं. ते इतकं साधं आहे की पटत नाही. हाती सरासरी १२ कामं असतील आणि आठवड्याला ३ पुरी होत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागणार. पुरं करण्याचा वेग तोच ठेवून हाती ६ च घेतली, तर तेच काम २ आठवड्यांत बाहेर पडतं. कोणी जास्त राबलं नाही, फक्त वाट पाहणं निम्मं झालं. संचालकांना हे फळ्यावर दोनदा लिहून दाखवलं. ते म्हणाले, “हिशेब बरोबर दिसते, पण लबाडी कुठी हाये ते सापडत नाही.”

बचत गटातल्या बायांना मात्र गणिताची गरज पडली नाही. तुरीची डाळ करताना दाण्याला आधी ओरखडे पाडतात, तेल चोळतात, ढीग लावून रात्रभर मुरू देतात, पाण्याचा हबका मारतात आणि मग उन्हात वाळवून भरडतात. यातलं मशीन वेगवान आहे, तेल चोळणारे हातही वेगवान आहेत. अडतं ते पटांगणावर. पटांगण जेवढं, ऊन जेवढं, तेवढीच तूर वाळणार. डिसेंबरात ढग आले आणि एका संचालकाने, मजूर रिकामे बसलेत म्हणून, आणखी पोती फोडायला सांगितली. तेव्हा त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर काकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, “वाळवाले जागा नाही तं आणखी ओली करून ठेवता काहून? बुरशी खाता काय?” ओनोंनी एवढ्यासाठी अख्खी उत्पादनपद्धत रचली. त्या दिवशी पोती फुटली नाहीत, बायांनी चाळण्या धुतल्या आणि लवकर घरी गेल्या. माणूस रिकामा बसलेला पाहून आपल्याला जितका त्रास होतो, तितका अर्धवट काम साचलेलं पाहून का होत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

चुकांबद्दल बोलायची बैठक हा प्रकार इथे सरळ चालत नाही. पुण्यात लोक निदान बॉसच्या पाठीमागे बोलत. इथे अध्यक्ष हे हिशेब लिहिणाऱ्या सुनेचे सासरे. ती त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही, मग ‘तुमच्यामुळे बिल थांबलं’ असं कशी म्हणेल? म्हणून आम्ही माणसांबद्दल बोलणं बंद केलं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी भिंतीवरची सगळ्यांत जुन्या तारखेची चिठ्ठी उतरवायची आणि तिलाच विचारायचं, तू इथे का? उत्तर आलं की पुन्हा का. टोयोटात हे पाच वेळा विचारायची पद्धत आहे. अर्धा किलोच्या पिशव्यांची चिठ्ठी अशीच लोंबकळत होती. का? पिशव्यांचं तोंड नीट चिकटत नाही. का? चिकटवायचं यंत्र पुरेसं तापत नाही. का? संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो. का? तेव्हाच दाल मिलही चालू असते. मग पिशव्या संध्याकाळीच का भरता? कारण सकाळी बाया कापूस वेचायला जातात. स्टॅबिलायझर घ्यायचा प्रस्ताव टेबलावर होता. तो घेतला नाही. दाल मिलची वेळ तासभर अलीकडे आणली, आणि ती बंद झाल्यावर पिशव्या भरायला घेतल्या. चिठ्ठीला सासरा नसतो, हा तिचा मोठाच फायदा.

रोजची १५ मिनिटांची भेट सकाळी, बाया शेतात निघायच्या आधी होते. एक संचालक त्यात नेहमी नसतो. कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते. रात्रीची पाळी असली की तो हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे झोपतो. पुस्तकी स्क्रममध्ये रोज हजेरी हवी. आम्ही त्याला सांगितलं, ओलिताला जाताना गोदामावरून जा आणि आपली चिठ्ठी सरकवून ठेव. भिंत बघितली की त्याचं म्हणणं कळतं. काम किती मोठं हे मापायला त्याला गुण देण्याचा अ‍ॅजाइलवाल्यांचा खेळही मी सोडून दिला. सकाळचं काम, दिवसाचं काम, आठवड्याचं काम, एवढी मापं पुरतात. आठवड्याच्या वरचं असेल तर ते तोडायचं.

एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींच्या पुस्तकांत मला आयती मिळाली नाही. त्यांचा चमू बारमाही सारखा असतो. आमचा नसतो. दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटला की गावात कोणी कोणाचं नाही. वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून नात्यागोत्यातल्यांना बोलावतात. तेव्हा प्रत्येकाच्या दोन खिळ्यांतला एक मिस्त्री काढून घेतो. ठोका तोच, बाजार चुकत नाही, पाटीवर काहीतरी नवं जातंच, पण लहान. टोयोटावाले कामाच्या असमान ओझ्याला नासाडीचं मूळ मानतात आणि ते सपाट करू पाहतात. ऋतू सपाट करता येत नाही. खिळे कमी-जास्त करता येतात.

लीन म्हटलं की पुष्कळ साहेबांना माणसं कमी करणं सुचतं. २००१ मध्येच, स्नोबर्डच्या त्याच वर्षी, टोयोटाने आपली कार्यपद्धती लिहून काढली तेव्हा तिचे दोन खांब सांगितले: सतत सुधारणा आणि माणसांचा मान. दुसरा खांब वगळून पहिला उभा करणारे मी पुण्यात पाहिलेत. आमच्याकडे ती भीती नाही, कारण काढून टाकायला इथे पगारी माणूसच मोजका.

आता वेचणी आटोपली आहे आणि काढलेले खिळे परत ठोकलेत. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासायचं काम समोर आहे: ओल्या गोणपाटात १०० दाणे मोजून ठेवायचे, ७० किंवा जास्त उगवले तर ते पेरायला घ्यायचं. सभासद बरेच, नमुने बरेच, आणि मृगाच्या आत हे हातावेगळं व्हायला हवं. अध्यक्षांना मात्र तेलघाणी हवी आहे. त्यांनी एक यंत्र पाहून ठेवलंय, भावही काढून ठेवलाय. त्यांचं म्हणणं, उन्हाळ्यात बाया मोकळ्या आहेत, आणखी दोन-दोन खिळे ठोका. माझं म्हणणं, घाणीची चिठ्ठी ‘करायचं’मध्ये राहू द्या, बियाणं उतरलं की घेऊ. आम्ही दोघंही ऐकेनात. परवा बैठकीत दाराशी उभ्या असलेल्या सुनेने पदर सावरला आणि म्हणाली, “मामाजी, घाणी आली तं ढेप कोण उचलन, हे पह्यले पाहा न.” कोणी काही बोलायच्या आत तिने तशी चिठ्ठी लिहिली, सासऱ्याचं नाव टाकलं आणि त्यांच्या मोकळ्या खिळ्याला टांगली. अध्यक्ष सध्या ढेपेला गिऱ्हाईक शोधत गावोगाव गोठे फिरताहेत.